दोन तास चाळीस मिनिटं

तिसगावच्या एस.टी. स्टँडसमोर माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, आधार, रेशनकार्ड, जे म्हणाल ते. पाटीवर सगळ्यात खाली ‘रेल्वे, बस व विमान तिकीट मिळेल’ असंही लिहून घेतलं होतं, कारण पेंटर म्हणाला, जागा उरलीय. तिसगावात विमानाचं तिकीट कोण काढणार? अकरा वर्षांत मी एकच काढलं. अमृतचं, मुंबई ते मस्कत.

अमृत म्हणजे आमच्या वस्तीवरच्या रतनमावशीचा एकुलता एक मुलगा. मावशीनं तीस हंगाम ऊस तोडला. दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी आणि पोरगं टाकायचं आणि श्रीगोंद्याकडं निघायचं, ते उन्हाळ्यात परतायचं. नवरा बिभीषण तिकडंच फडात मोळी वाहताना कोसळला, तरी तिनं त्या वर्षीचा हंगाम पुरा केला होता. अमृत फडावरच्या कोपीतच, पाचटाच्या झोपडीतच वाढला, पण त्यानं कोयता हातात धरला नाही. आधी ट्रॅक्टर, मग ट्रक, मग मोठ्या गाडीचं लायसन. करंजीचा करण मस्कतला एका कंपनीत होता, त्यानं याला ड्रायव्हर म्हणून बोलावून घेतलं. घराण्यातला कोयता सुटला म्हणून मावशीनं मढीला जाऊन कानिफनाथाला रेवड्या वाहिल्या.

तिकीट काढायला अमृत आला तेव्हा मागोमाग तीही आली. खुर्चीत बसली नाही, दाराशी उकिडवी बसली.

“सहादेवा, किती लांब हाय रं ते मस्कत?”

इथं माझी एक खोड सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. ‘माहीत नाही’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अख्खा गाव मला विचारायला येतो, आणि विचारलं की उत्तर द्यायचं, ही मला सवय लागली आहे. सवय कसली, माज आहे तो. मी कॉम्प्युटरवर टाकलं, मुंबई ते मस्कत विमानानं अंतर. स्क्रीनवर दोन विमानतळ आले, मधे एक सरळ रेघ, आणि खाली लिहिलेलं: पंधराशे साठ किलोमीटर, दोन तास चाळीस मिनिटं.

“मावशी, श्रीगोंद्याला ट्रॅक्टरनं किती वेळ लागतो तुम्हाला?”

“पहाटं निगालं तर दुपार कलती. टायर फुटलं तर मुक्कामच.”

“मग मस्कत तुमच्या श्रीगोंद्यापेक्षा जवळ. दोन तास चाळीस मिनिटं. इकडं भाकरी थापायला बसलात तर पोरगं जेवायला हजर.”

तिला ते फार आवडलं. तोंडाला पदर लावून हसली. अमृत म्हणाला, “आये, त्यो मस्करी करतोय.” पण तिला मस्करी वाटली नाही. म्हणाली, “मला लिवून दे.” मी स्क्रीनवरचं ते पान छापून तिच्या हातात ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण लिहिलेल्याची तिला जबर किंमत. मुकादमाच्या वहीत जे लिहिलं तेच खरं, हे ती तीस वर्षं बघत आली होती. तिनं तो कागद घरी नेऊन नाथाच्या तसबिरीमागं खोचला. पुढं दोन वर्षं बाजारच्या दिवशी भेटेल त्याला सांगायची, “आमचा अमृत न्हवं का, अडीच तासावर हाय. बोलवला की आला.” लोकही मान डोलवायचे. खोटं तर मी काही सांगितलं नव्हतं.

त्या गुरुवारी सकाळी दहाला करणचा फोन आला. अमृतच्या बायकोला, ज्योतीला फोन करायची त्याची छाती झाली नाही. अमृत रात्री जेवून झोपला, सकाळी उठलाच नाही. वय चौतीस. खोलीतल्या लोकांनी हलवून पाहिलं तेव्हा अंग गार होतं.

मी दुकानाचं शटर ओढलं, वस्तीवर गेलो, आधी काकासाहेबांना गाठलं. ते अमृतचे चुलते, भावकीतले वडीलधारे. आम्ही दोघं मिळून सांगायला गेलो. ज्योती चुलीपुढं होती, तव्यावर भाकरी होती. त्या घटकेचं मी काही लिहिणार नाही. एवढंच सांगतो की ती भाकरी तव्यावर काळी पडली आणि धूर झाला, तेव्हा काकासाहेबांच्या बायकोनं, लंकाबाईनं पुढं होऊन चुलीत तांब्याभर पाणी ओतलं.

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की माती होईपर्यंत त्या घरात चूल पेटत नाही. मोठी माणसं घास घेत नाहीत. एरवी हे अर्ध्या दिवसाचं असतं. सकाळी गेला, दुपारी पाहुणे आले, उन्हं कलायच्या आत अग्नी दिला, आणि मग सोयऱ्यांच्या घरून पिठलं-भाकरी येते, तो कडू घास. असं शेकडो वर्षं चाललं, कारण मरणारं माणूस मरायचं ते घरात, नाहीतर शिवारात, नाहीतर फार तर नगरच्या दवाखान्यात. परदेशात मेलेल्या माणसासाठी कुणी काही ठरवून ठेवलेलं नव्हतं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कधी आणणार? कसं आणणार? मला ओ की ठो माहीत नव्हतं. आणि तेवढ्यात रतनमावशी उठली, देवळीतल्या तसबिरीमागून तो घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढं धरला.

“तूच लिवून दिलंस. दोन तास चाळीस. व्हय ना?”

“हो मावशी,” मी म्हणालो. “विमानाला तेवढाच वेळ लागतो. कागदपत्रं झाली की निघेल. आज-उद्या.”

हे मी बोललो. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती.

तिनं नाथाच्या धुनीचा अंगारा पुडीतून चिमूटभर घेतला, जिभेवर टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “नाथाची आन हाय. माज्या लेकाची माती व्हईस्तोवर ह्या तोंडात दाना जायचा न्हाई. अडीच तासाची तर वाट हाय. तवर काय मरते का मी?”

काकासाहेबांनी संध्याकाळपर्यंत बांधावर लाकडं रचून घेतली. पाथर्डीहून, शेवगावहून पाहुणे आले. दुपारी प्रत्येकाला मी सांगत होतो, दोन तास चाळीस मिनिटं, पंधराशे साठ किलोमीटर. लोक आदरानं ऐकत होते. मेलेल्याच्या दारात मी भाव खात होतो, हे आता म्हणायला लाज वाटते, पण खरं आहे.

शुक्रवारी सकाळी करणनं सांगितलं की तिकडं शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, कचेऱ्या बंद. रविवारी पोलिसांचा कागद मिळेल, मग दवाखान्याचा, मग कंपनीचं पत्र, मग वकिलातीचा दाखला, मग देह टिकावा म्हणून औषधं भरायची, मग पेटी, मग विमानात जागा. आणि या सगळ्याआधी ज्योतीचं संमतीपत्र, शंभराच्या स्टँपवर, नोटरी करून. ते संमतीपत्र मी गुरुवारी दुपारीच करू शकलो असतो. माझ्याच दुकानात प्रिंटर आहे, नोटरी पाथर्डीला अर्ध्या तासावर. मी ते शुक्रवारी केलं. करण म्हणाला, “दहा दिवस धर, सहादेवभाऊ. लोकांना पंधरा-पंधरा लागत्यात.”

दहा दिवस. आणि हे मी मावशीला सांगितलं नाही. मी म्हणालो, “सुट्टी आहे तिकडं, रविवारी होतंय.” वाटलं, सांगितलं तर खचेल. खरं कारण तेही नाही. आदल्या दिवशी चारचौघांत एक आकडा सांगितला होता आणि तो गिळायची माझी तयारी नव्हती.

पाहुणे दोन दिवस लिंबाखाली बसले आणि आपापल्या गावी गेले. अमृतची सहा वर्षांची संस्कृती लंकाबाईच्या घरी जेवत होती. तिसऱ्या दिवशी लंकाबाई भाकरी घेऊन ज्योतीपुढं बसली. “तुला पोरगी हाय. खा,” म्हणाली, आणि घास तिच्या तोंडाला लावला. ज्योतीनं खाल्ला. खाताना रडत होती. रतनमावशी मात्र पाण्यावर. काकासाहेब समजवायला गेले, भजनी मंडळाचे लोक गेले, मीही गेलो.

“मावशी, नाथ काय एवढा कठोर आहे का? कोरा चहा तरी घ्या.”

“तू नगं शिकवू,” ती म्हणाली. “फडात दोन-दोन दिस पान्यावर काढल्यात मी. पोटुशी असताना काढल्यात. येतंय की आता लेकरू.”

आणि मग हळूच, जरा मान पुढं करून, “आज निगल का रं?”

“निघेल,” मी म्हणालो.

पाचव्या दिवशी ती उठताना भिंत धरायला लागली. डॉक्टर घरी आले. शुगर होतीच तिला, गोळ्या बंद केल्या होत्या. दवाखान्यात न्यायला गाडी काढली तर ती ओट्यावरून हलेना. “त्यो दारात यील आन् मी दवाखान्यात? कोन पानी पाजंल त्याला?” शेवटी ज्योतीनंच डोकं लढवलं. म्हणाली, “आत्याबाई, आन तोंडाची घेतलीय, हाताची न्हाई. सलाईन हातातून जातंय.” म्हातारीनं जरा विचार केला आणि हात पुढं केला. त्या दिवशी आम्ही सगळे थोडे हसलो. पण डॉक्टर जाताना बाहेर मला म्हणाले, “हे पाणी आहे, जेवण नाही. हिच्या अंगात आता काही शिल्लक नाही. दोन दिवसांत तोंडात अन्न गेलं पाहिजे.”

बुधवारी, सातव्या दिवशी, काकासाहेबांनी वाट काढली. अनुभवी माणूस. पाथर्डीच्या भटजींकडं जाऊन आले आणि सांगितलं की ज्याचा देह हाती लागत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात. शास्त्रात आहे. भटजी आधी म्हणाले, देह येणार असेल तर पुतळा कशाला? पण काकासाहेबांनी म्हातारीची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, ठीक आहे, जिवंत माणूस वाचत असेल तर देव रागावणार नाही. देह आला की देहाचाही संस्कार करू.

दोन पोती पळसाची पानं आली. ज्योतीनं स्वतः अंगणात बसून भटजी सांगतील तशी ती दोऱ्यानं बांधली. डोकं, हात, पाय. अमृतचा एक शर्ट त्या पुतळ्यावर घातला. मी तिथं नव्हतो, मला हे लंकाबाईनं नंतर सांगितलं. मावशी आधी तयार नव्हती. “पाल्याला माती म्हनायची का?” असं दोनदा विचारलं तिनं. मग ज्योती तिच्या पायाशी जाऊन बसली. “मला आता कुनीच न्हाई हो, आत्याबाई. तुमी तरी ऱ्हावा.” तेव्हा म्हातारी म्हणाली, “बरं. कर तुज्या मनासारकं.” लंकाबाईनं घरी जाऊन लगेच पेज शिजायला टाकली. दुपारी चारला पुतळा न्यायचा, पाचला म्हातारीच्या तोंडात पेज.

तीनला माझ्या मोबाईलवर करणचा मेसेज आला. सगळे दाखले झाले. पेटीचं बुकिंग झालं. उद्या सकाळचं विमान, पावतीचा नंबर सोबत.

मी मोटारसायकल काढली आणि वस्तीवर सुटलो. त्या वेळी मला काय वाटत होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. मला आनंद झाला होता. आठवडाभर लोक माझ्याकडं तिरकं बघत होते, ‘आला आज-उद्यावाला’ म्हणत होते. आता माझ्या हातात नंबर होता.

अंगणात पुतळा तिरडीवर ठेवलेला होता. चार माणसं खांदा द्यायला उभी होती. मी गाडी स्टँडवर लावायच्या आधीच ओरडलो, “थांबा! पक्कं झालं. उद्या येतोय अमृत. आपल्या घड्याळानं सकाळी साडेपाचला विमान निघतं. दोन तास चाळीस मिनिटं. आठ दहाला मुंबईत, संध्याकाळी इथं.”

काकासाहेब म्हणाले, “सहादेवा, ह्ये होऊ दे आदी. उद्याचं उद्या.”

पण मावशीनं ऐकलं होतं. ओट्यावर आडवी झालेली ती, हातावर जोर देऊन उठून बसली. सात दिवसांत तिचा आवाज एवढा मोठा आला नव्हता.

“मंग पानं कशाला जाळता? माजा लेक येतोय. काडा त्यो सदरा!”

काकासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हाही म्हणू शकलो असतो, की मावशी, नेम नसतो, हे होऊन जाऊ द्या. मी मान हलवून म्हणालो, “पक्कं आहे, काका.” त्यांनी खांदेकऱ्यांना खूण केली. ज्योतीनं पुतळ्याचा शर्ट उतरवला, घडी केली. पानं गोठ्याच्या कोपऱ्यात टाकली. पेज लंकाबाईच्या घरी गार झाली.

मी नगरची अँब्युलन्स घेऊन रात्रीच निघालो आणि सकाळी मुंबईला विमानतळाच्या मालाच्या कचेरीत उभा राहिलो. आठ दहाला विमान उतरलं. मी फलकावर बघितलं, मिनिटाचाही फरक नाही. अकरापर्यंत कुणी मला दाद दिली नाही. मग खिडकीतल्या माणसानं कागद उलटेपालटे केले आणि सांगितलं, पेटी या विमानात चढलीच नाही.

“अहो, बुकिंग आहे,” मी नंबर दाखवला.

“बुकिंग आहे हो. पण पेटी विमानाच्या कितीतरी तास आधी तिकडं जमा करावी लागते. उशिरा पोचली, राहिली.”

“विमान तर वेळेवर आलं.”

“विमान वेळेवरच येतं,” तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडं वळला.

पुढं शुक्रवार-शनिवार होते. आता सोमवार, असं करण म्हणाला. तो फोनवर रडत होता, म्हणून मला त्याच्यावर ओरडताही आलं नाही.

वस्तीवर फोन करून सांगायची माझी छाती झाली नाही. परत येताना करंजीच्या घाटात मनात आलं, अँब्युलन्स इथंच सोडावी आणि वस्तीवर एस.टी.नं जावं. पण माझी अक्कल गहाण पडली होती. अँब्युलन्स थेट दारात गेली. मावशीला ओट्यावर गोधडीत बसवलं होतं, केस विंचरले होते. हातात पाण्याचा तांब्या होता, लेकाच्या तोंडात घालायला. लोक अँब्युलन्सकडं धावले. मी सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना, म्हणून शेवटी मीच मागचं दार उघडून आतली रिकामी जागा तिला दाखवली.

“इमान आलं का?” तिनं विचारलं.

“आलं, मावशी.”

“येळंवर?”

“वेळेवर आलं.”

“मंग त्यो कुठं हाय?”

तिनं तांब्या खाली ठेवला.

काकासाहेबांनी त्याच संध्याकाळी पानं पुन्हा काढली. सुकून चुरा व्हायला लागली होती. पण म्हातारी आता ऐकेना. म्हणाली, “निगालाय त्यो. वाटंला लागल्याल्या मानसाचा पुतळा जाळत्यात व्हय? वाट चुकंल त्याची.” कुणी कितीही समजावलं तरी तिचं एकच, निगालाय त्यो. आणि ती वाट तिच्या डोक्यात मी घातली होती. शनिवारी सलाईन लावायला शीर सापडेना. रविवारी ती बहुतेक वेळ झोपूनच होती. मधेच डोळे उघडून श्रीगोंद्याच्या फडातल्या बायकांना हाका मारायची, मधेच अगदी शुद्धीवर यायची.

रविवारी अँब्युलन्समध्ये बसताना मी काकासाहेबांच्या पायाला हात लावून सांगितलं की यापुढं माझ्या तोंडून आकडा निघणार नाही. पेटी डोळ्यांनी बघीन तेव्हाच बोलेन. ते म्हणाले, “लई उशिरा शहानपन आलं.” बरोबर होतं त्यांचं.

सोमवारी सकाळी साडेपाचला विमान निघालं. करणनं पेटी आत जाताना बघितली, पावतीचा फोटो पाठवला, वर लिहिलं, ‘या टायमाला नक्की.’ माझ्या मोबाईलवर एक ॲप आहे, त्यात विमान कुठं आहे ते दिसतं. मालाच्या कचेरीबाहेर पायरीवर बसून मी ते बघत होतो. निळ्या समुद्रावर एक इवलंसं पिवळं विमान, मागं रेघ, पुढं रेघ, दोन्ही सारख्याच लांबीच्या.

सातला ज्योतीचा फोन आला.

“भाऊजी, आत्याबाई जाग्या झाल्यात. शुद्धीत हायेत. इचारतात, निगालं का?”

“निघालं.”

“पेटी हाय ना त्यात?”

“आहे. करणनं स्वतः पाहिलंय.”

मागं मावशीचा आवाज आला, अगदी बारीक. ज्योती म्हणाली, “किती ऱ्हायलं म्हनतात. तुमीच सांगा, फोन स्पीकरवर टाकलाय.”

स्क्रीनवर लिहिलेलं होतं. एक तास दहा मिनिटं. मी ते वाचलं. माझ्या डोळ्यांपुढं ते रिकामं अँब्युलन्सचं दार आलं, तो तांब्या आला. पुन्हा सांगू आणि पुन्हा काही झालं तर? मी ठरवलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी माझी खोड मोडली.

“मावशी, ते सांगता येत नाही,” मी म्हणालो. “माहीत नाही.”

मावशी म्हणाली, “आसू दे. ठिव.” ती माझ्याशी बोलली की ज्योतीशी, कळलं नाही. फोन बंद झाला.

पावणेआठला काकासाहेबांचा फोन आला. “गेली रं म्हातारी,” म्हणाले. “तू फोन ठेवल्यावर भिताडाकडं तोंड केलं. म्हनली, त्यो न्हाई येत. बास, येवढंच.” मी फोन कानावरून काढला. मोबाईलच्या पडद्यावर विमान किनाऱ्याला लागलं होतं. आठ दहाला ते उतरलं. दोन तास चाळीस मिनिटं, जसं छापून दिलं होतं तसं.

दहाला पेटी मिळाली. वाटेत माळशेजच्या अलीकडं ड्रायव्हरनं विचारलं, जेवायला थांबू का? मी नको म्हणालो. वस्तीवरून तीन-चार फोन आले, कुठपर्यंत आलात. मी फक्त गावाची नावं सांगत गेलो, आळेफाटा, नगर, करंजी.

उन्हं कलली तेव्हा पोचलो. तिला ठेवलं होतं त्याच्यासाठी. पेटी उघडली, अमृतचं तोंड बायकांना दाखवलं, आणि ज्योतीनं सासूच्या उशाचा तांब्या उचलून त्याच्या ओठांवर पाणी सोडलं. बांधावर अकरा दिवस रचून ठेवलेली लाकडं एका माणसाची होती, काकासाहेबांनी दुपारीच आणखी आणून ठेवली होती. दोघांना एकाच वेळी अग्नी दिला.

मग लंकाबाईच्या घरून कडू घास आला. पिठलं आणि बाजरीची भाकरी. भावकीचे लोक अंगणात खाली बसले. मी जोड्यात पाय घालून निघायला लागलो, तर ज्योतीनं अडवलं.

“दोन घास खाऊन जावा. तुमी बी उपाशीच आसाल सकाळपून.”

तिनं माझ्या हातात भाकरी ठेवली आणि उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते. जरा वेळानं, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, “भाऊजी, सकाळी फोन केल्ता तवा खरंच कळत न्हवतं का, किती ऱ्हायलं ते?”

खोटं बोलता आलं असतं. पण तेवढी ताकद माझ्यात उरली नव्हती.

“कळत होतं. एक तास दहा मिनिटं.”

“मंग सांगायचं की,” ती म्हणाली. “तेवढं थांबल्या असत्या त्या.”